बीबीवरून जाणारं विमान

ता. ९ जाने. ४९, बीबी

साडेनऊचं विमान आज दहा मिनिटं उशिरा. मुंबईहून नागपूरले. चक्की बंद करून बाहेर उभा राह्यलो. दळणाच्या बाया खवळल्या. एक म्हणे, "मिस्तरी, रोज काय पायता वर? तुमचा पोरगा काही खिडकीतून हात नाही करत." बरोबर आहे तिचं. दत्ता नागपूरले विमान कंपनीच्या कारखान्यात असतो. इंजिनं उघडतो, धुतो, परत बांधतो. पण त्याचा हात लागलेलं इंजिन डोक्यावरून जाते, अन् मी काय आत पट्ट्यापाशी बसून राहू?

दोन वर्षं झाली त्याले जाऊन. चारचौघांसमोर त्याच्या हातातला पाना हिसकला होता मी. म्हटलं, इंजिन तुझं काम नाही, ढोरं राख. दुसऱ्या दिवशी गेला.

ता. ११

दत्ताचं कार्ड. मायच्या नावानं, नेहमीसारखं. तिले वाचता येत नाही, मीच वाचून दाखवतो. माझं नाव त्यात नसते. आज शेवटी पदरचं जोडलं, "बाबांनी तब्येत जपावी."

ती म्हणे, "हे त्यानं नाही लिहिलं."

"काऊन?"

"हे वाचताना तुमचं बोट अक्षरावर नव्हतं."

लय आठवण येते पोराची. कोणाले सांगत नाही, इथं लिहून ठेवतो.

ता. १२

भोगीच्या बाजरीची गर्दी. तरी विमान ऐकलं. दोन इंजिनांपैकी एक ठोका चुकून राह्यलं. एकसारखं चालते, अन् मधेच घास अडकल्यासारखं. शेजारच्या रहीम लोहाराले विचारलं. "तुले जमिनीवरून काय समजते बे? कानात पीठ गेलं तुझ्या." असेल.

ता. १३

पीठ नाही गेलं. आज जास्त चुकलं. आत माणसं बसतात, लेकरंबाळं असतील. माझं इंजिन बंद पडलं तर बाया उद्या येतात. विमानातल्या लोकाईनं काय करावं?

दत्ताच्या मायले म्हटलं, तुझ्या नावानं पोराले लिहितो. "माझ्या कायले? मले इंजिनातलं काय समजते? तुम्ही ऐकलं, तुम्ही लिहा."

पत्राले चार दिवस. म्हणून मोटारनं मेहकर. सुलतानपुरात मोटारच बंद पडली, उतरून मीच चालू करून दिली. मेहकरच्या तारघरातून दत्ताले तार केली. मास्तर म्हणे, थोडक्यात सांगा. सांगितलं, "मुंबईच्या विमानाचं एक इंजिन ठोका चुकते. पाहा. बाबा." शेवटचा शब्द मास्तरनं दोनदा विचारला. तोंडातल्या तोंडात बोललो होतो.

ता. १४

संक्रांत. आज दुसरं विमान, ठणठणीत. तिळगूळ गोड लागला.

ता. १५

तेच पुन्हा. तसंच चुकत गेलं. म्हणजे तार पोचली नाही, का पोचून... म्हटलं असेल पोरानं, बुढा तिथूनही खोट काढून राह्यला.

ता. १६

विमान नाही. दहा, साडेदहा, बारा. चक्की सुरूच केली नाही. जेवलो नाही.

ता. १८

शाळेतल्या गुरुजींच्या पेपरात आलं. पंधराले नागपूरहून परतीले उडाल्यावर एक इंजिन बंद. पायलटनं दुसऱ्यावर परत आणून उतरवलं. माणसं समदी सुखरूप. गुरुजींनी दोनदा वाचून दाखवलं. मी तिथंच शाळेच्या ओट्यावर बसलो अन् रडलो. रहीम आला, बाजूले बसला. गमछ्यानं माझ्या कानावरचं पीठ पुसलं.

ता. २२

पाकीट. माझ्या नावानं. दोन वर्षांत पयल्यांदा. अर्धा घंटा उघडलं नाही.

दत्ता लिहितो: "बाबा, तुमची तार आली तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. ते इंजिन मीच बांधलं होतं. व्हॉल्व माझ्या हातचे. चौकशी चालू आहे. इथला मोठा मिस्तरी म्हणतो, सामान खराब आलं म्हणून सांग, सुटशील. तुम्ही ऐकलं आहे. खरं सांगा, माझी चूक होती का?"

ता. २३

जन्मभर पोराच्या चुका काढल्या, न विचारता. आता विचारून राह्यला तर जीभ उचलत नाही. 'तुझी चूक नाही' एवढं लिहिलं की येईल घरी. आठ दिवसांत येईल. इथं पाटावर बसेल. लिहिलंच. त्याच्या मायले वाचून दाखवलं.

ती म्हणे, "चांगलं आहे. अन् पुढचं इंजिन तो बांधेल तेव्हा?"

कागद चुलीत घातला. तिच्यावर राग आला. खरं तर माझ्यावरच.

ता. २४

लिहिलं. "दत्ता, मले व्हॉल्वच वाटला. जमिनीवरून छातीठोक सांगता येत नाही. पण तुले शंका असन तर साहेबाले आपल्या तोंडानं सांग. तू बांधलेली बाकीची इंजिनंही उघडून पाहू दे. लोक बसतात त्यात. सामानावर ढकलू नको. नोकरी गेली तर जाऊ दे, घर आहे. तू मले विचारलं, लय बरं वाटलं."

दत्ताच्या मायले विचारलं, तुझं काय लिहू?

"लिहा, सुटी नाही मिळाली तरी ये."

तेही लिहिलं. हे वाचून तो कदाचित पुन्हा कधी घरी... तिलेही समजलं असेल. पाकिटाले खळ तिनंच लावली, दाबून धरून बसली.

टपालपेटीत टाकून आलो. टाकल्यावर फटीतून बोटं आत घालून पायली. पाकिटापर्यंत पोचली नाही.