मला वाचवल्याची तक्रार

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई.

विषय : सैन्यातील माजी हवालदार श्री. नामदेव खरात यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नसल्याबाबत.
संदर्भ : आपले १२ मे रोजीचे पत्र.

महोदय,

१. जबाबासाठी बोलावणाऱ्या आपल्या पत्राला मी उत्तर दिले नाही. मसुदे केले आणि फाडले. मी निवृत्त ग्रंथपाल आहे. स्वतःचे वाक्य मला नेहमी चुकल्यासारखे वाटते.

२. महाराष्ट्र दिनी आमच्या सोसायटीत श्री. खरात यांच्या हस्ते ध्वजवंदन झाले. शाल-श्रीफळ देऊन होताच गेटपाशी कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मला खाली पाडले, माझ्यावर आडवे झाले आणि "काका, डोकं वर काढू नका," असे सांगत राहिले. माझा चष्मा फुटला, कोपर सोलवटले, हे खरे. पण दुसरा बॉम्ब वाजताच त्यांनी अंगावरची शाल माझ्या डोक्यावर ओढली, हे सोसायटीच्या समितीने आपल्याकडे केलेल्या तक्रारीत नाही. तिथे 'वयोवृद्ध सभासदावर हल्ला' असे आहे. तो वयोवृद्ध मी. मला कोणी विचारले नाही. किंवा विचारले असेल आणि मी मान हलवली असेल.

३. सीमेवरच्या चकमकीपासून त्यांना स्फोटाच्या आवाजाचा हा त्रास आहे, उपचार चालू आहेत, असे त्यांच्या पत्नी सुचित्राताई सांगतात. अध्यक्ष म्हणतात, "काका, त्यांना आपला सॅल्यूटच आहे, पण उद्या लिफ्टमध्ये असं केलं तर?" खरात भाडेकरू आहेत. सदर तक्रारीच्या आधारे समितीने घरमालकांना ३१ जुलैपर्यंत घर रिकामे करून घेण्यास कळवले आहे. त्या नोटिशीची प्रत आणि १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाचे निमंत्रण खरातांच्या दाराखालून एकाच दिवशी सरकवण्यात आले. त्यांच्या फोटोचा बॅनर छापून झाला आहे म्हणे. घर गेलेल्या माणसाने झेंड्याला कुठून यायचे, असे मी सभेत विचारणार होतो. विचारले नाही.

४. सबब, माझ्यावर हल्ला झालेला नाही असा माझा जबाब नोंदवून त्याची प्रत मला मिळावी, ही विनंती. ती प्रत मी मुदतीपूर्वी स्वतः घरमालकांकडे नेईन. बोलता आले नाही, तर निदान वाचून दाखवीन.

आपल्या बोलावण्याच्या प्रतीक्षेत,
अरविंद टिपणीस

सोबत : नोटीस व निमंत्रण यांच्या छायाप्रती.

ता. क. : अक्षराबद्दल क्षमस्व. घरी लिहिला तर फाडीन, म्हणून हा अर्ज टपाल कार्यालयात उभ्यानेच लिहिला आहे. मागे रांग लागली आहे. खिडकीतल्या बाई म्हणतात, "आजोबा, द्या आता." देतो आहे.