सगळ्यात लहानाची प्रार्थना

काशीद,
१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सलाम. प्रभूच्या कृपेने इकडे सगळे बरे आहोत, असं ताईने लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिलं. तुझा गुडघा कसा आहे? इथे समुद्र अजून खवळलेलाच. बोटी वर ओढून ठेवल्यात, त्यामुळे मला काम नाही. परवा एका पाहुण्याची टोपी वाऱ्याने नेली. तो तिच्यामागे पार सुरूच्या बनापर्यंत धावला आणि परत आला तो दुसऱ्याचीच टोपी घेऊन. असो.

फोनवर बोलताना ताई शेजारीच असते, म्हणून हा कागद.

तुझा लांबलचक मेसेज तिने मला वाचायला दिला. शलोमीला शाळेतून काढून घरी शिकवणं म्हणजे पोरीचं नुकसान, चार मुलांत ती मिसळणार कधी, आणि वर ‘निकेतचं काय झालं बघ’. आत्या, मला कोणी घरी शिकवलं नाही. मी शाळेतून पळालोय, आणि ती शाळा तुझी होती!

शलोमी भागाकार करते. बायबल माझ्यापेक्षा सरळ वाचते. ओहोटीला ताई तिला खडकांवर नेऊन कालवं, खेकडे दाखवते. शाळेत पोरं तिला ‘आमेन, आमेन’ म्हणून चिडवायची, ती डबा तसाच परत आणायची. आता पोटभर जेवते. ताईला तिला देवाच्या वचनात वाढवायचंय हे खरं, पण आधी तिला पोरीची भीती घालवायचीय.

आणि चार मुलांत मिसळण्याचं म्हणशील तर मिसळली. त्यातूनच झालं सगळं.

शेजारच्या बाबाजींची नात मनाली आमच्याकडे पाढे शिकायला यायची. दुपारी जेवायलाही थांबायची. आपल्या घरची रीत तुला माहीतच आहे, ताटावर बसलेल्यांत सगळ्यात लहान असेल त्याने प्रार्थना करायची. शलोमी म्हणाली, “मनाली माझ्याहून लहान आहे, आता तिने करायची.” आम्ही हसलो. कोणाच्या मनातही काही आलं नाही. पोरीने चार दिवसांत पाठ केली.

या सोमवारी बाबाजींकडे श्रावणी सोमवार सोडायला पाहुणे होते. पानं वाढली. मनालीने सगळीकडे बघितलं, आपणच लहान म्हणून हात जोडले, डोळे मिटले आणि ‘प्रभू येशूच्या नावाने’ म्हणून मोकळी झाली.

बाबाजी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“किशोरीताय, आमची नात पाढे शिकाय येते ना तुमच्याकडं?”

“व्हय काका, पाढेच.”

“मंग ह्यो पाढा कितीचा?”

मी रीत सांगायला गेलो, तर म्हणाले, “तू गप रे, तुझं काय, आज हितं, उद्या तिथं.” आणि गेले. मनाली आता कुंपणापलीकडूनही बघत नाही.

इथवर ताईला लिहिलेलं चालेल. पुढचं ती लिहू देणार नाही.

काल दोघं मोटारसायकलवर आले. गावातले नव्हेत. “इथे क्लास चालतो म्हणे?” मी म्हटलं, “क्लास नाही, माझी भाची शिकते.” “शाळा असताना घरात? मग लोकांची पोरं कशाला लागतात?” एकाने दाराचा फोटो काढला, खिडकीतल्या शलोमीचाही. जाताना म्हणाला, “रविवारी येतो. सगळ्यांना घेऊन.”

दाजी जहाजावर, त्यांना कळवू नको म्हणते ताई. ओटीवरचं वचनाचं कॅलेंडर तिने काढून ठेवलंय. धडे आतल्या खोलीत, हळू आवाजात. शलोमी प्रार्थना डोळे उघडे ठेवून करते, दाराकडे बघत.

आणि मी? मी आज सकाळी सॅक घेऊन एसटीच्या थांब्यावर गेलो होतो. गाडी आलीसुद्धा. कंडक्टरने “चढतोस का?” विचारलं, आणि मला घरी त्या दोघीच दिसायला लागल्या. परत आलो.

हा कागद संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय, म्हणजे तुला वेळेत मिळेल. आत्या, तू शनिवारी ये. बाबाजी अजून तुला ‘बाई’ म्हणतात, तू उभी असशील तर बसत नाहीत. त्यांचा मुलगा तुझ्याच हाताखाली शिकला. तू त्यांच्या ओटीवर जाऊन आपली रीत सांगितलीस तर ते ऐकतील, आणि बाबाजींनी अडवलं तर रविवारी गावातला कोणी त्या दोघांबरोबर येणार नाही. बाबाजी वाईट नाहीत गं. आपली नात हातची जाईल म्हणून घाबरलेत. आम्ही आमच्या पोरीसाठी.

ताई म्हणते, आत्याला सांगितलंस तर ती म्हणेल, मी सांगत नव्हते? म्हण. फाटकातून म्हणतच ये. शलोमीला शाळेत घालण्यावरून इथे बसून महिनाभर भांड आमच्याशी, मी चहा करून देईन. पण ये.

दाराशी खुर्ची टाकून बसलेला,
या वेळी न पळालेला,

तुझा
निकेत