गाडीचा पोळा आणि दोन तांबे पाणी

१४ जुलै, सोमवार
महेश, वही माही आहे, पण मले वाचता येत नाही. म्हणजे कधी ना कधी तूच वाचशील, आणि वाचशील तोवर कोणती गाडी, कोणती बायको, सगळं विसरला असशील. रायपूरले कामावर गेला तेव्हा जेवणाचा डबा चुलीजवळ ठेवून रिकामी थैली घेऊन गेला, तो तूच. म्हणून सांगून ठेवते. गाडी दोन चाकांची, लाल आहे, मिरगात घेतली, रेखाच्या नावावर, तिच्या टपालाच्या नोकरीसाठी. रेखा तुही बायको, माही सून. मी बोलते आणि ती लिहून रायली.

आज गाडीची पहिली सर्व्हिसिंग. रेखा गोंदियाच्या शोरूमले घेऊन गेली (ती नुसतं 'शो.' लिहिते, शाई वाचते म्हणे). गाडीच्या पोटात टकटक होते, असं तिनं मिस्त्रीले सांगितलं. नत्थूलाल नाव त्याचं. म्हणे, "नयी गाडी है बहनजी, बैठ जाएगा."
मिरगापासून आवाज काही बसला नाही. पाहू.

२१ ऑगस्ट, गुरुवार
उद्या पोळा, आज खांदशेकणी. बैलजोडी गेल्या साली विकली, शेतात ट्रॅक्टर येते, गोठ्यात गाडी उभी असते. पण सणाच्या दिवशी गोठा उपाशी कसा ठेवायचा? हळद-तूप कोमट केलं आणि गाडीच्या दोन्ही खांद्यांले चोळलं, म्हणजे हँडलले. म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."
रेखा हसून हसून खाली बसली.
"हसू नको वो. सहा गावांचं टपाल कोण ओढते? तू का ही?"
मग तिनंच मागच्या चाकाले थोडं तूप लावलं. तिले वाटलं मी पाहिलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
गाडी बोडीवर नेली, गावच्या तलावावर. काठाशीच, अर्धं चाक पाण्यात. वरून दोन तांबे, कपाळावर, जिथं दिवा आहे तिथं. पुसली. झेंडूची माळ घातली, पाठीवर माह्या जुन्या लुगड्याची झूल. तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी उभी केली.
शेजारचा देवाजी म्हणे, "आजी, तुहा बैल शेण कुठं टाकते वो?"
"तुह्या दारात धूर टाकते. सकाळी उठून वास घेजो."
त्यानं फोटो काढला, मोबाईलवर टाकला, सगळं गाव पाहून रायलं. मले बरं वाटलं. का खोटं सांगू.

२६ ऑगस्ट, मंगळवार
गाडी मेली.
दुसऱ्या आणि तिसऱ्या गावाच्या मधात. आधी खडखड, मग मुकी. रेखानं गाडी एका वाडीत लावली, टपालाची थैली खांद्यावर घेतली आणि चार गावं पायी केली. दिवे लागल्यावर घरी आली. टाचेले फोड. चपलेत पाणी का रक्त, तिनं पाहू दिलं नाही.
तिच्या साहेबानं सांगितलं, हा महिना पाहतो, टपाल वेळेवर पोचलं नाही तर काम दुसऱ्याले देतो. ही नोकरी लागली तेव्हा ती पहिल्यांदा आरशात पाहून स्वतःशी हसली होती. मी पाहिलं आहे. (हे खोडू नको म्हटलं. ठेव.)

२९ ऑगस्ट, शुक्रवार
देवाजीच्या टेम्पोत गाडी घातली. शो. मी पण गेली.
मॅनेजरनं (पुढं मॅ.) गाडी उघडलीच नाही. चारी बाजूनं फिरला, जसा बाजारात बैल न घेणारा फिरते. म्हणे, "इंजिन में पानी गया है. वॉरंटी नहीं लगेगी."
रेखा म्हणे, "कशावरून?"
त्यानं मोबाईल काढला. त्यात मी. हातात तांब्या.
देवाजीचा फोटो. बोडीपासून त्या काचेच्या खोलीपर्यंत कोणत्या वाटेनं गेला, कोणाले माहीत. आयुष्यात माहा एक फोटो चांगला निघाला नाही, आणि निघाला तो हा.
गाडी तिथंच रायली. येताना टेम्पोत रेखानं मलेच पुढची जागा दिली. रेखा रागावली असती तर बरं झालं असतं.

३१ ऑगस्ट, रविवार
दोन तांबे. दुसरं काही डोक्यात नाही. इतकी वर्षं बैल धुतले, एकाले सर्दी झाली नाही. हे कसलं जनावर बापा, कपाळावर पाणी पडलं की मरते?
रेखाले म्हटलं, "मीच मारली का वो?"
ती म्हणे, "मले माहीत नाही आई." खोटं बोलली असती तरी चाललं असतं.

२ सप्टेंबर, मंगळवार
रेखा टपाल घेऊन पायी गेली. मी बाजूच्या कामठा गावाहून ऑटोनं एकटी गोंदियाले. शो.च्या गाद्यांच्या खुर्चीवर बसली. म्हटलं, "गाडी उघडा. आत पाणी दाखवा. दिसलं तर पाया पडून जाते."
मॅ.नं एक कागद आणला आणि शाईची डबी. "अम्मा, यहाँ अंगूठा लगा दो, काम जल्दी हो जाएगा."
"काय लिहिलं?"
"बस, फॉर्मॅलिटी है."
"माहा अंगठा तव्यावर तांदळाचे आयते उलटाले आहे. न वाचलेल्या कागदाले नाही."
लघवीले म्हणून मागच्या अंगणात गेली आणि उभीच रायली. दोन माणसं जाड पाईपानं नव्या गाड्या धुऊन रायले. वरून, खालून, पोटात, कानात, पाणी बंदुकीसारखं. एक नाही, पाच गाड्या. मी विचारलं, "हा कोणता पोळा गा?" ते हसले. हे रोज करतात, आणि माहे दोन तांबे?

४ सप्टेंबर, गुरुवार
तिसरा दिवस शो.मधी. मॅ. जेवाले गेला तेव्हा नत्थूलालनं गाडी उघडली. मी बाजूले स्टुलावर. माह्या डब्यातले आयते त्याले दिले. चार खाल्ले, लसणाची चटणी बोटानं पुसून.
मग एका भांड्यात गाडीचं तेल काढलं आणि माह्यासमोर धरलं. काळंच काळं.
"पानी घुसता ना अम्मा, तो तेल दूधवाली चाय जैसा हो जाता. ये देखो. पानी नहीं है."
आतून एक लोखंडाचं कडं काढलं, घासून घासून झिजलेलं. त्या तेलात बारीक चमक होती, लोखंडाचा चुरा. म्हणे, हे कडं पहिल्यापासून खराब.
"मंग टकटक?"
खाली पाहून रायला. "वही था."
"मॅनेजरले माहीत आहे?"
"कल ही खोलके देखी थी, तभी बता दिया था."
बाई गं. काल. आणि आज सकाळी त्यानं पुन्हा माह्यासमोर शाईची डबी ठेवली होती, वरून पाणी पण विचारलं, "ठंडा लोगी अम्मा?"
ऑटोत बसली, घर आलं, पैसे न देता उतरली. ऑटोवाला मागं धावत आला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
नत्थूलालले म्हटलं, हे लिहून दे. म्हणे, नौकरी चली जाएगी. त्याच्या पण दोन पोरी आहेत, एकीचं लग्न व्हायचं. एकीची नोकरी वाचवाले दुसऱ्याची मागून रायली मी.
रेखानं कंपनीले फोन लावला. चार वेळा गाणं ऐकवलं, पाचव्या वेळी माणूस बोलला. रविवारी तपासणीवाला येतो.

७ सप्टेंबर, रविवार
हे मी शो.मधून फोनवर सांगून रायली, रेखा घरी लिहून घेते. तिचा फोड पिकला, मीच येऊ दिलं नाही.
तपासणीवाला आला. चष्मा, पांढरा सदरा. मॅ.नं आधी फोटो दाखवला. तो मोठा करून माह्याकडं पाहिलं, मग फोटोकडं, जसं आम्ही दोघी सारख्या आहोत का पाहते. मी म्हटलं, "हाव, मीच आहे. दोन तांबे. लपवत नाही. आता तेल पाहा."
मॅ. म्हणे, तेल बदलून टाकलं.
टाकलं. कुठं टाकलं, विचारलं तर हसला.
तपासणीवाला म्हणे, गाडी कोणी उघडली त्याले बोलवा. नत्थूलालनं हात पुसले, लय वेळ पुसले. माह्याकडं पाहिलं नाही. काचेच्या खोलीत गेला. दार लावलं. मॅ. पण आतच. ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. मले वाचता येत नाही, ओठ तर नाहीच नाही.
तासभर झाला.
रेखा, मी उठत नाही. देवाजी दुपारी टेम्पो घेऊन गोंदियाले येऊन रायला, त्याच्याजवळ आयते पाठव. बारा तरी. लसणाची चटणी वेगळ्या डबीत, तिखट कमी, नत्थूलालले त्या दिवशी ठसका लागला होता. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नाही. आत काहीही बोलून येवो, बाहेर आला की भूक लागेलच.