साखर कुलपात ठेवणाऱ्या माझ्या भावास

मी, कपडे शिवून पोट भरणारी आणि स्वतःच्या कमाईतून हे घर उभारणारी बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता हे मृत्युपत्र लिहिते. शुद्धीचा पुरावा म्हणून नोंदवते, की लिहायला बसण्याआधी मी जेवले आणि बोटाला सुई टोचून रक्तातली साखर तपासली. व्यवस्थित आहे. राग आहे, पण तो साखरेमुळे नाही.

कलम १. शिवणयंत्र आणि मोठी कात्री पुतणीला. कात्रीचं टोक मोडलेलं आहे आणि ते तिनेच मोडलं. माझ्या कात्रीने कोणी साधा कागद कापला तरी मी घर डोक्यावर घेत असे. या टोकाबद्दल मात्र मी अवाक्षर काढलेलं नाही. कारण पुढे येईलच.

कलम २. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं कुलूप धाकट्या भावाला. चार महिन्यांसाठी म्हणून बायको-मुलीला घेऊन आला, तो इथेच ठाण मांडून बसला. मला मधुमेह निघाल्यावर त्याने साखर, मध, बिस्किटं सगळं कपाटात कोंबून कुलूप घातलं आणि बहिणीची किती काळजी घेतो हे जगभर सांगत सुटला. डॉक्टरांचा सूचनांचा कागद मी त्याच्यापुढे धरला, तर म्हणाला, "ताई, मधुमेह म्हणजे साखर बंद. त्यात वाचायचं काय?"

एका दुपारी मी नेहमीच्या वेळी इन्सुलिन घेतलं. पण याचे साहेब जेवायला यायचे होते, म्हणून याने ताटं थांबवली. साहेब येईनात. मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. म्हटलं, "साखर दे, माझी साखर उतरतेय." हा हसला! "साखरेच्या पेशंटला साखर? वेड लागलं का ताई?" आणि माझ्या हातात कडू काढा दिला. इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं की साखर घसरते आणि तेव्हा साखर हेच औषध, हे त्या कागदाच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं.

पुतणीने कात्री घालून कपाटाचं दार उचकटलं. साखरेचं पाणी केलं आणि विचारलं, "आत्या, गिळता येतंय ना? मग हळूहळू पी." माझी शुद्ध गेली असती, तर तोंडात काही न घालता कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवायची, हे तिला ठाऊक होतं. तिने कागद वाचला होता. पंधरा मिनिटांनी तिने माझी साखर तपासली आणि मला जेवायला वाढलं, साहेबांच्या आधी.

साहेब आल्यावर भाऊ त्यांना म्हणाला, "माझ्या काढ्याने गुण आला बघा." हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मेल्यावरची सोय इथे करते आहे.

कलम ३. भावजयीला काही नाही. त्या दुपारी कपाटाची किल्ली तिच्या हातात होती आणि ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. तिने बघत राहावं.

कलम ४. बँकेतली शिल्लक नाक्यावरच्या दवाखान्याला, ज्यांना इन्सुलिन परवडत नाही त्यांच्यासाठी.

कलम ५. हे घर धाकट्या भावाला. मात्र या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करेल, त्याला यातलं काहीही मिळणार नाही, अशी माझी अट आहे आणि ती कशी लिहायची हे वकीलबाईंनी मला नीट समजावून सांगितलं आहे. तसं घडल्यास भावाचा वाटा पुतणीला जावा. आज मी भावाला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. हा कागद उघडा ठेवीन, चष्मा हाताशी देईन आणि स्वच्छ सांगेन, "आधी वाच." वाचून त्याने सही नाकारली, तर घर त्याचं आणि हार माझी.

स्थळ: माझी शिवणाची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिली: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ (सही)

माझ्या हातची नोंद: मी दोनदा म्हटलं, "वाच." तो म्हणाला, "सही कुठे करू तेवढं सांग." मी बोट ठेवलं.