विषय नसलेल्या मेलबाबत

१ जून २००५, बुधवार. सकाळी ७.१०

काल रिटायर झालो. एकतीस वर्षं आठ महिने, त्यातली शेवटची बावीस वर्षं आवक-जावक विभागात. निरोपाच्या भाषणात ज्ञानदेव म्हणाला, ओव्हाळसाहेबांच्या टेबलावरून एकही कागद कधी हरवला नाही. खरं आहे. काही सापडायला वेळ लागला, पण हरवला एकही नाही.

मुलीने, आम्रपालीने, भेट म्हणून कॉम्प्युटर घेऊन दिला. त्यासाठी बंगलोरहून चार दिवस आली होती. ई-मेलचा प्रोग्रॅम लावला, मला शिकवला. तिच्या आईला, शैलालाही शिकवत होती. शैला महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते, तिला याचा काय उपयोग. तरी वहीत लिहून घेत होती. मी लिहून घेतलं नाही. माझ्या लक्षात राहतं.

संकल्प : घरचा सगळा पत्रव्यवहार महिन्याभरात शिस्तीत आणणे.

२ जून

इन्बॉक्सची व्यवस्था अगदी उलटी. नवीन मेल वर, जुना खाली. म्हणजे काल आलेला माणूस रांगेत पुढे. सेटिंग शोधायला पावणेदोन तास गेले, पण बदललं. आता सर्वांत जुना वर, सर्वांत नवा तळाशी, आवक रजिस्टरसारखं. उघडलं की पहिला दिसतो तो प्रोग्रॅमवाल्यांचा ‘वेलकम’चा मेल. बरं वाटतं.

४ जून. दुपार

रिमाइंडर ही चांगली सोय आहे. चौदा लावले. बीपीची गोळी, फिरायला जाणे, मंडई, सोसायटीचा मेंटेनन्स, वगैरे. वेळ झाली की घंटा वाजते आणि खिडकी उघडते. खिडकीत ‘स्नूझ’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की तीच गोष्ट थोड्या वेळाने पुन्हा समोर येते. म्हणजे आपली ‘पुढील तारीख’. ज्याने कोणी हा प्रोग्रॅम केला, त्याने सरकारी नोकरी केलेली असणार.

मंडईला आठऐवजी साडेबाराला गेलो. भाजी सुकलेली होती. त्यात रिमाइंडरचा दोष नाही.

५ जून, रविवार

सकाळी साडेपाचची फिरण्याची घंटा संध्याकाळी साडेपाचला वाजली. संध्याकाळचं फिरणंही प्रकृतीला चांगलंच असतं. उद्यापासून.

आम्रपालीचा फोन. म्हणाली, बाबा, एक महत्त्वाचं बोलायचं होतं. मी तिथेच थांबवलं. महत्त्वाचं असेल तर मेल कर म्हटलं, फोनवरच्या बोलण्याला फाईलमध्ये जागा नसते. ती बरं म्हणाली. फोन शैलाकडे दिला. दोघी चाळीस मिनिटं बोलल्या. म्हणजे महत्त्वाचं काही नसणार.

७ जून

मोठं काम झालं. आम्रपाली बंगलोरला पोचल्याचा मेल परत पाहिला तर वर सब्जेक्टच्या जागी काहीच नाही. ज्ञानदेवच्या मेलमध्येही नाही. बावीस वर्षांत विषय नसलेला कागद मी पुढे जाऊ दिला नाही, आता घरात चालवून घेऊ?

‘रूल’ तयार केला. सब्जेक्टमध्ये ‘विषय’ हा शब्द नसेल तर मेल इन्बॉक्समध्ये न येता आपोआप ‘त्रुटी’ नावाच्या फोल्डरमध्ये जाईल. त्रुटीतली पत्रं ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे तिमाहीला एकदा तपासायची. तसा रिमाइंडर ३० सप्टेंबरला लावला. सगळ्यांना परिपत्रक पाठवलं. सगळे म्हणजे सात जण.

८ जून

परिपत्रकाला एकाचंही उत्तर नाही. सर्वांना मान्य आहे असं दिसतं.

११ जून

इन्बॉक्स स्वच्छ. वर ‘वेलकम’, खाली दोन-चार जुने मेल, बस. ऑफिसात असा दिवस एकदाही पाहायला मिळाला नव्हता.

१५ जून

एक मेल आला. विषय : आपली तब्येत कशी आहे याबाबत. ज्ञानदेवचा. ऐकणारा माणूस आहे. ताबडतोब पोच दिली.

आम्रपालीचा महत्त्वाचा मेल अजून नाही. तिला वेळ नसेल.

१९ जून, रविवार

आम्रपालीने फोनवर विचारलं, बाबा, माझा मेल वाचलात का. आता पत्र मिळालंच नाही असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. त्याने टेबलाची अब्रू जाते. मी म्हटलं, विचाराधीन आहे. तिने विचारलं, किती दिवस लागतील. मी म्हटलं, योग्य वेळी कळवण्यात येईल. नाक ओढल्याचा आवाज आला. बंगलोरची हवा सर्दीची.

फोन ठेवल्यावर अख्खा इन्बॉक्स तीनदा पाहिला. तिचा मेल नाही. म्हणजे पाठवलाच नाही आणि मलाच विचारते वाचला का. वाईट वाटलं. पहिली नोकरी लागली तेव्हा आईच्या आधी मला सांगितलं होतं या मुलीने.

२२ जून. जेवणानंतर

शैला म्हणाली, तुमचा मेल नीट बघा. मी म्हटलं, रोज बघतो. ती म्हणाली, बघता की फक्त उघडता? मास्तरीण आहे, बोलू द्यावं.

मग वरणाला फोडणी देता देता विचारलं, मुलीने स्वतःच मुलगा पसंत केला तर तुमचं काय म्हणणं असेल. शाळेतल्या कोणाचं तरी प्रकरण असावं. मी तत्त्व म्हणून सांगितलं, मुलगी शहाणी असेल आणि मुलगा सरळ असेल तर बापाने हरकत घ्यायचं कारण नाही. फक्त बापाला रीतसर लेखी कळवलेलं असावं. शैला माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. भात वाढायचा राहिला.

२६ जून, रविवार

आज आम्रपालीचा फोनच आला नाही. रविवार असा जात नाही कधी. मी कॉम्प्युटरसमोर बसून होतो. ‘वेलकम’चा मेल दोनदा वाचला. ती चिडलीय का? मी तर काहीच केलेलं नाही.

२८ जून

रिमाइंडर चौदाचे एकतीस केले. नियंत्रण वाढवल्याशिवाय व्यवस्था चालत नाही.

२९ जून

सकाळपासून एकतीस घंटा. वरच्या मजल्यावरच्या यमुनाबाई विचारायला आल्या की ओव्हाळांकडे दुकान काढलंय का. ‘डिसमिस ऑल’ दाबलं. सगळे गेले, बीपीच्या गोळीसकट. दोन दिवस गोळी घेतली नाही तर काही होत नाही.

४ जुलै, सोमवार

आम्रपालीचा फोन, चक्क सोमवारी. रडत होती. म्हणाली, बाबा, थँक यू, तुम्ही असं काही लिहाल असं वाटलं नव्हतं. कशाबद्दल ते समजेना. परिपत्रकाबद्दल असावं. उशिरा का होईना, पोरीला शिस्तीचं महत्त्व पटलं. मी म्हटलं, मी माझं कर्तव्य केलं. त्यावर आणखीच रडली. मलाही गलबलून आलं.

९ जुलै

प्रोग्रॅममध्ये काहीतरी फार चांगलं घडतंय. मी सगळे रिमाइंडर घालवले होते, तरी आज सकाळी आठला बरोबर घंटा वाजली. ‘बीपीची गोळी. डब्यात डावीकडे.’ डावीकडेच होती. वापरता वापरता यंत्राला माणसाच्या सवयी कळतात असं वाचलं होतं. माझ्याइतका पद्धतशीर माणूस मिळाल्यावर लवकर कळत असतील.

शैलाला दाखवलं. म्हणाली, हुशार आहे हो तुमचं यंत्र.

१३ जुलै

शैलाने सांगितलं, रविवारी पाहुणे येणार आहेत. आम्रपालीच्या टीममध्ये रोहन म्हणून मुलगा आहे, त्याचे आईवडील, नाशिकचे. तो आणि आम्रपालीही येतील. विचारलं, कशासाठी. ती म्हणाली, मेल बघा. बघितला. नाही.

रोहनचे वडील डिसेंबरात रिटायर होतायत म्हणे. तेव्हा उघड आहे. पेन्शनच्या कागदांचं मार्गदर्शन हवं असणार. आम्रपालीने माझं नाव सांगितलं असेल. माझी फाईल कपाटावरून काढून पुसून ठेवली.

१७ जुलै, रविवार. सकाळी ९

घंटा. ‘११ वाजता पाहुणे. दाढी करा. निळा शर्ट. पेन्शनची फाईल आत ठेवा.’

फाईलचं त्याला कसं कळलं?

रात्री ९

नीट लिहितो.

पाहुणे आले. रोहन उंच आहे, कमी बोलतो, आपला कप स्वतः उचलून आत नेला. त्याच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, ओव्हाळसाहेब, आपलं पत्र आम्ही घरात सगळ्यांनी वाचलं, प्रिंट काढून ठेवलंय. मी म्हटलं, त्यात काय. त्याच्या आईने डोळे पुसले. मी म्हटलं, फॉर्म मात्र तीन प्रतींत भरा. सगळे हसले. माझा विनोदी स्वभाव त्यांना आवडला असं आम्रपाली नंतर शैलाला सांगत होती. मग लग्न बुद्धविहारात साधेपणानेच करू असं त्याचे वडील म्हणाले, तेव्हा कोणाचं, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि शैलाने त्यात पेढा घातला.

पाहुणे गेले, आम्रपाली आणि रोहनही संध्याकाळच्या गाडीने बंगलोरला गेले, मग शैलाला विचारलं. तिने कॉम्प्युटर लावला, ‘त्रुटी’ उघडलं आणि भांडी घासायला निघून गेली.

अकरा मेल. सगळे आम्रपालीचे. एकालाही विषय नाही. जुना वर, नवा खाली, तेव्हा क्रमाने वाचता आले. सॉर्टिंग इथे तरी उपयोगी पडलं. पहिला ८ जूनचा. ‘ओके बाबा, पुढच्या वेळी नक्की.’ दुसरा ११ जूनचा, लांबलचक, रोहनबद्दल. शेवटी, ‘तुम्ही हो म्हणालात तरच.’ २० जूनचा एकाच ओळीचा. ‘बाबा, विचाराधीन म्हणजे नाही का?’

त्या ओळीपुढे बराच वेळ जाता आलं नाही.

मग पाठवलेल्या मेलमध्ये बघितलं. दिनांक ३ जुलै. ‘विषय : चि. रोहन यांच्याशी विवाहास संमती देण्याबाबत. संदर्भ : तुझे ११, १४ व २० जूनचे मेल. १. मेल वाचले, उशीर झाला, चूक माझी. २. तू शहाणी आहेस आणि मुलगा सरळ आहे, माझी हरकत नाही. ३. तुझ्या दहावीच्या प्रत्येक पेपरला मी सदाशिव पेठेत केंद्रासमोर स्टेशनरीच्या दुकानामागे उभा होतो. तुला दिसलो तर तू घाबरशील म्हणून लपलो. आताही जवळपासच आहे असं समज. लवकर ये.’

खाली माझं नाव. पदनामासह.

स्टेशनरीच्या दुकानाचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. घरी साइट इन्स्पेक्शन सांगितलं होतं. शैलाला विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, तो दुकानदार माझ्या वर्गातल्या मुलीचा बाप, सातही दिवस एकेक खोडरबर विकत घेतलंत, घरात अजून पडलीत. आणि गोळीची घंटा? तीही तिचीच. वहीत लिहून घेतलं होतं ना, म्हणाली.

लग्नाची बत्तीस वर्षं मी सेवेत धरली नव्हती. ती सेवा शैलाची आहे.

१८ जुलै. सकाळी ६

ठरवलं. आम्रपालीला मीच मेल लिहिणार. मुद्दे नाहीत, संदर्भ नाही, पदनाम नाही. मनात येईल ते. आणि विषय कोरा. तिच्या पद्धतीने.

‘रूल’ काढून टाकला.

सकाळी ११

पाठवला. अडीच तास लागले. पोरी, चुकलो, तुझी आठवण येते, रोहन मला आवडला, असं सगळं लिहिलं. आयुष्यात असं पहिल्यांदाच लिहिलं. हलकं वाटतंय. वाचताना तिचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर येतंय.

१९ जुलै

उत्तर नाही. दिवसभर पाहिलं, वर ‘वेलकम’च आहे.

२० जुलै. सकाळी

शैला म्हणाली, नवीन मेल खाली असतो तुमच्याकडे. खाली गेलो. उत्तर काल दुपारीच आलेलं.

‘आई, पकडली गेलीस. ३ तारखेचा मेल बाबांचा होता, पहिल्या ओळीतच कळलं. तो मी जपून ठेवलाय. हा मात्र तुझा आहे. इतकं गोड बाबा लिहीत नाहीत, आणि विषय न लिहिता तर मेलच करणार नाहीत. प्रयत्न छान होता. बाबांना सांगू नकोस, उगाच वाईट वाटेल.’

शैला इतकी हसली की शाळेला उशीर झाला.

सकाळी १०.४०

खुलासा पाठवला. विषय : दि. १८ जुलैचा मेल खुद्द बाबांनीच लिहिला असल्याबाबत.