मिस कव्हरडेल नाही का म्हणाल्या

सोमवार, ४ मार्च

हॉर्नसीचा बंगला मिळाला! म्हणजे मिळाल्यात जमा. एजंटकडच्या जेमाचा साडेदहाला फोन आला — ऑफर मान्य. आमच्या घरालाही गिऱ्हाईक लागलंय. बेव्हर्लीचं तरुण जोडपं आहे, बाईला सातवा महिना, म्हणजे घाईत असणार. आता फक्त सॉलिसिटर नेमायचा.

जेमा म्हणाली, "सह्या होईपर्यंत काही पक्कं नसतं हं, मिस्टर हार्कर. कुणीही कधीही माघार घेऊ शकतं." मला शिकवते! हे ड्रिफील्डचं घर मी घेतलं तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

लॉर्ना भांडी विसळत होती. तिला सांगितलं. "चालेल ना तुला?" म्हटलं.

"चालेल," म्हणाली. नंतर बराच वेळ गुणगुणत होती. खूश आहे.

मंगळवार, ५ मार्च

वकील नेमणं सोपं असेल असं वाटलं होतं. सकाळपासून तीन माणसांनी तीन दिशांना ओढलं.

शेजारचा नॉर्मन कुंपणावरून — "ऑनलाइन वकील? वेडबिड लागलंय का, डेझ? वकील असा हवा, की डोकं फिरलं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल."

हेझेल लीड्सहून फोनवर — "बाबा, गावातला वकील आता कोण करतं? सगळं मोबाइलवर होतं. तुम्ही उगाच टपाल आणि शिक्के धरून बसता."

जेमा — "आमचेच सॉलिसिटर आहेत ना, स्वस्तात करतील." हे तर अजिबात नको. एजंटनेच वकील द्यायचा म्हणजे उमेदवाराच्या मामाने परीक्षा घ्यायची. तीस वर्षं मी गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या, असले मामा पुष्कळ पाहिले.

लॉर्नाला विचारलं, कुणाला नेमू? "तुला योग्य वाटेल त्याला." निदान घरात तरी शांतता आहे.

रविवारचं लिहायचं राहिलं. आम्ही बंगला पुन्हा बघायला गेलो होतो. एक मोठी खोली, एक लहान, आणि बैठकीच्या खिडकीतून थेट समुद्र. लॉर्नाने पर्समधून टेप काढून पडद्यांचं माप घेतलं. मग बैठकीत उभी राहून खुर्ची कुठे ठेवली तर समुद्र नीट दिसेल ते तीन ठिकाणांहून बघितलं. म्हटलं, माझी खुर्ची तुझ्या शेजारी. ती हसली. मला आधी वाटलं होतं तिचं मन वळवावं लागेल! एकदाच म्हटलं, तयार.

शुक्रवार, ८ मार्च

हेझेलचा ऑनलाइन वकील करून बघितला. बुधवारी कॅलम नावाचा होता. गुरुवारी कुणी बाई. आज "आमची टीम तुमच्यासोबत आहे". टीम म्हणजे कोण? पासपोर्ट गालाशी धरून फोटो काढायला सांगितला. काढला. फोन म्हणतो, चेहरा जुळत नाही. चष्मा काढून, हसून, न हसता — तीनदा! लॉर्ना म्हणाली, "पासपोर्टमध्ये तू कुणाचं तरी ऐकतोयस असा दिसतोस, म्हणून असेल." तिला हल्ली विनोद सुचतात.

नापास. गंभीर चूक: गाडीत चालकच नाही.

सोमवार, ११ मार्च

काहीतरी विचित्र घडलंय.

शेवटी गावातलाच करायचं ठरवलं आणि मिस कव्हरडेलकडे गेलो. मिडल स्ट्रीटवर, वरच्या मजल्यावर. या घराच्या खरेदीचं काम त्यांच्या वडिलांनी केलं, जुनी कागदपत्रं अजून त्यांच्याच तिजोरीत आहेत. चहा आला, बशीत दोन बिस्किटं. हवापाण्याचं झालं, हेझेलचं झालं. मग त्यांनी पेन उघडलं. "कोणती मालमत्ता, मिस्टर हार्कर?"

म्हटलं, हॉर्नसीला, क्लिफ रोडवरचा बंगला.

पेन मिटलं. "हे काम मला घेता येणार नाही."

"का?"

"तेही सांगता येणार नाही."

"निदान आमचं घर विकण्याचं तरी?"

"तेही नको." मग खाली बघत — "दुसऱ्या कुणाचा तरी सल्ला घ्या. आणि लवकर घ्या."

माझा कोट त्यांनी स्वतः धरला. आयुष्यात कधी धरला नव्हता. जिना उतरल्यावर लक्षात आलं, बिस्कीट हातातच राहिलंय.

मंगळवार, १२ मार्च

कळलं! मी त्यांना नापास केलं होतं. जुन्या डायऱ्या काढून बघितल्या. फिलिपा कव्हरडेल, वय अठरा, दोनदा. दुसऱ्यांदा वळताना आरसा बघितला नाही म्हणून. माणूस इतकी वर्षं डूख धरेल?

लॉर्नाला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री जरा जास्त वेळ एकाच जागी राहिली. "काय म्हणाल्या त्या, नक्की?" मी सगळं सांगितलं. "आणि माझ्याबद्दल काही?"

तिच्याबद्दल त्या कशाला बोलतील?

गुरुवार, १४ मार्च

नॉर्मन म्हणतो डूखबिख काही नाही. "एकाच घरामागे दोन गिऱ्हाइकं असली की एका वकिलाला दोघांचं काम घेता येत नाही. दुसरं कोण तेही तोंडातून काढता येत नाही, नाहीतर सनद जाते. अरे, तुझ्या बंगल्यावर कुणाचा तरी डोळा आहे!"

जेमाला फोन लावला. ती आधी आढेवेढे घेत होती. मग म्हणाली, हो, दुसरी ऑफर आली आहे, मिस कव्हरडेलमार्फत. एक बाई आहेत, एकट्या. नाव मलाही दिलेलं नाही. सगळी रक्कम तयार, त्यांना काही विकायचं नाही. "मालक तुम्हाला शब्द देऊन बसलेत म्हणून थांबलेत. पण शुक्रवारी, बावीसला दुपारी बारापर्यंत तुमच्या सॉलिसिटरचं पत्र आलं नाही, तर ते त्या बाईंना देणार."

म्हणजे गावातलीच कुणीतरी. दुकानात ब्रेड घेताना प्रत्येक बाईकडे बघत होतो. पोस्टातली विधवा? चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती? तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मुद्दाम?

"कोण असेल गं?" लॉर्नाला म्हटलं.

"असेल कुणीतरी." वर्तमानपत्राआडून. "समुद्र आवडणारी."

रविवार, १७ मार्च

आज मला धक्का बसला. लॉर्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि चौकटीवरून बोट फिरवत होती. हेझेलच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत तिथे, तीन वर्षांपासून सोळापर्यंत. डोळे पुसले तिने. मला बघून म्हणाली, कांदा. कांदा कुठेच नव्हता.

"घर सोडवत नाही का?" म्हटलं.

"घराचं काय, डेझ," म्हणाली आणि रोस्ट बघायला गेली.

काय समजायचं यातून? एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला आणि मला माझ्याच बायकोचा सिग्नल कळत नाही. उजवीकडे वळणार की थांबणार?

मंगळवार, १९ मार्च

गावात दुसरे सॉलिसिटर एकच, मिस्टर ट्रॅनमर. त्यांना मी चारदा नापास केलं होतं. ते अजून सायकलवर येतात. पँटच्या पायाला सायकलचा चिमटा लावलेलाच होता. "चार वेळा, मिस्टर हार्कर," म्हणाले. "चार. पण काम घेतो." आणि हात मिळवला. चांगला माणूस आहे. मीच तेव्हा जरा ताणलं असेल.

शुक्रवारी अकराला येऊन कागदांवर सही करायची, की लगेच ते पत्र पाठवतील. बंगला आपला.

गुरुवार, २१ मार्च

नळाचा वॉशर आणायला बाहेर पडलो होतो. मिडल स्ट्रीटवर मिस कव्हरडेलच्या जिन्यावरून लॉर्ना उतरली. हातात खाकी पाकीट. तिने मला बघितलं नाही. मी दुकानात शिरलो आणि नुसता नळांकडे बघत राहिलो.

ती तिथे का गेली? मला म्हणाली होती, भरतकामाच्या क्लासला जाते. चौकटीवर बोट. कांदा. "घराचं काय." आणि तो प्रश्न — माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?

दुपारभर खुर्चीत बसून विचार केला. मग सगळं जुळलं. तिला हे घर सोडायचं नाही. माझ्यापुढे बोलण्याचा धीर नाही, म्हणून वकिलाला विचारायला गेली — नवऱ्याला घर विकण्यापासून थांबवता येतं का! तिचं काम घेतलं म्हणून माझं घेता येत नाही. बिचारी. मी बंगला बंगला करत नाचत होतो आणि ती गप्प राहून चालेल म्हणत होती. खरं विचारलंच नव्हतं मी कधी. सांगायचो आणि शेवटी "चालेल ना?" जोडायचो.

मलाच आरसा बघायचं सुचलं नाही. लाज वाटली मला आज.

शुक्रवार, २२ मार्च

मी केलं. अकराला ट्रॅनमरकडे गेलो ते सही करायला नव्हे, माफी मागायला. मग जेमाला सांगितलं — बंगला नको, घरही विकायचं नाही. बेव्हर्लीच्या त्या बाईचा विचार येऊन फार वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. बारा वाजले तेव्हा बाजारातल्या बाकावर एकटा बसलो होतो. समुद्र गेला. तरी हलकं वाटलं. बायकोसाठी आजवर एवढं मोठं काही केलं नव्हतं.

घरी येऊन म्हटलं, "लॉर्ना, मला सगळं कळलंय. मिस कव्हरडेलकडे गेलीस ते बघितलं मी."

तिचा चेहरा पांढरा पडला. खुर्चीत बसली.

"घाबरू नकोस. मी बंगला सोडला. तुझ्यासाठी."

"सोडलास?" फार हळू. "सही नाही केलीस?"

"नाही. आपण इथेच राहू. तुझं घर तुझंच."

माझा हात हातात घेऊन बसली, मग कोट न घालताच बागेत गेली. कुंपणापाशी बराच वेळ पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. आनंदाने रडत असेल. मी चहा ठेवला.

गुड फ्रायडे, २९ मार्च

लॉर्ना पडदे शिवतेय. निळे. पण आपल्या सगळ्या खिडक्यांना पडदे आहेत.

मंगळवार, २ एप्रिल

नाश्त्याच्या वेळी लॉर्नाने खाकी पाकीट टेबलावर ठेवलं. बंगला तिने घेतलाय. हॉर्नसीचा. तिच्या एनिड मावशीने जाताना तिच्या नावावर पैसे ठेवले होते, त्यातून. मी सही केली असती तर ती काही न बोलता माझ्याबरोबर आली असती, म्हणाली. मी सोडला म्हणून तिला तो मिळाला.

"एकटीसाठी घेतलाय, डेझ. हे घर तू ठेव."

टोस्ट गार झाला होता. तिने माझ्याकडे सरळ बघितलं, बऱ्याच वर्षांनी.

"चालेल ना तुला?"

चालेल, म्हणालो.