वत्सलाच्या नावाने चिलापी नको

कोची,
८ जून १९९६

प्रिय ज्ञानदेव,

तुला व घरातील सर्वांना आशीर्वाद. माझी प्रकृती बरी आहे, जेवणही वेळेवर होते. आईचा गुडघा आता कसा आहे?

तुझे पत्र वाचून मात्र संताप आवरेना. "वहिनींच्या नावानं धरणात दहा हजार चिलापीची पिल्लं सोडतो, दादा, तुमी फकस्त हो म्हना," असे तू लिहितोस! तो परका मासा आपल्या माशांची अंडी खातो, हे वत्सला प्रत्येक सुट्टीत गावी येऊन सांगत असे.

तिने येथे इतकी वर्षे माशांचा अभ्यास केला; येथील मच्छीमार तिच्या शब्दाखातर मासे अंडी घालतात त्या दिवसांत जाळी उचलून ठेवतात. ती गेल्यावर ते आमच्या ओट्यावर रडत बसले होते. त्यांना तिची भाषा निम्मीच कळे. तुला तर पुरती कळत होती.

गेल्या दिवाळीत उजनीच्या काठी ती तुला म्हणाली, "भावजी, चिलापी आली की आपली मरळ संपली." तू म्हणालास, "व्हय वहिनी." परतीच्या गाडीत ती किती समाधानाने मला म्हणाली, "भावजींना पटलं हो."

शेवटपर्यंत तिला तसेच वाटत होते. पिल्लांची मागणी आजच रद्द कर आणि तसे तारेने कळव.

तुझा थोरला बंधू,
माणिक